सही न केलेल्या हमीपत्रासोबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, शाळेचे व्यवस्थापन मंडळ,
मा. मुख्याध्यापक,
पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती,
आणि आठवी 'ब'चे सर्व पालक यांस,

विषय : १५ जानेवारीपर्यंत मागवलेले हमीपत्र सही न करता परत पाठवण्याबाबत.

महोदय,

मुलांच्या दप्तरातून आपण पाठवलेलं हमीपत्र मी कोरंच परत पाठवत आहे. त्यातलं एक वाक्य इथे उतरवून काढते, कारण वर्गातल्या बहुतेक पालकांनी ते न वाचताच सही केली असणार. सहलीच्या फॉर्मवर मीही आजवर तशाच सह्या करत आले आहे. वाक्य असं : 'शाळेच्या वेळेव्यतिरिक्त व शाळेच्या आवाराबाहेर विद्यार्थ्यांनी मोबाइल, सोशल मीडिया इत्यादींवर केलेल्या कोणत्याही कृत्यास शाळा जबाबदार राहणार नाही, याची मला पूर्ण जाणीव असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.'

माझी तक्रार आहे. ती मी दोनदा बंद पाकिटातून दिली. पहिल्या पत्राची पोच मिळाली नाही. दुसऱ्या वेळी खिडकीतल्या क्लार्कने खाली मान घालून सांगितलं, "मॅडम, हे आवकला घेऊ नका म्हणून सांगितलंय." म्हणून हे तिसरं पत्र उघड लिहिते आहे. यात शाळेचं, गावाचं, कुठल्याही मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. बाकीच्यांनी आपल्या मुलाची शाळा समजून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही.

आणखी एक आधीच सांगते. ज्या मुलाला त्रास झाला त्याची मी आई नाही. ज्यांनी दिला, त्यांच्यातल्या एकाची आहे.

मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये एका रविवारी ऑफिसच्या ग्रुपवर वाढदिवसाचा स्टिकर टाकायला गेले, तर वरच्याच ओळीत एक अनोळखी स्टिकर दिसला. आमच्या शाळेच्या गणवेशातला मुलगा, तोंड अर्धवट उघडं, डोळे घट्ट मिटलेले आणि कपाळावर ते गोल चिन्ह, व्हिडिओ अडकला की फिरत राहतं ते. खरं सांगते, मी हसले. कुठून तरी आला असेल म्हणून हसले. खाली सरकवलं तर तोच मुलगा पुन्हा, पुन्हा, अकरा वेळा. तेव्हा चेहरा ओळखला. पहिलीपासून माझ्या मुलाच्या वर्गात होता. गणपतीत आमच्याकडे आरतीला यायचा, झांजा त्याच्याच हातात असायच्या. माझा मुलगा क्लासच्या अभ्यासासाठी माझाच फोन वापरतो. स्टिकर त्यानेच बनवले होते.

तो मुलगा बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. 'क' आणि 'प' आला की थांबतो, मग शब्द एकदम सुटतो. वर्गात त्याचं नाव पडलं होतं 'बफरिंग'. त्या नावाचा एक ग्रुप होता, त्यात वर्गातली एकतीस मुलं. इन्स्टाग्रामवर त्याच्या फोटोचं एक खोटं खातं होतं, त्यावर त्याच्या नावाने 'हा-हा-हाय' अशा पोस्ट. ते कोणी उघडलं हे मला आजही ठाऊक नाही.

पण फोनमधलं हे सगळं बाजूला ठेवा. वर्गात यापेक्षा सोपी सोय होती. तो दारातून आत आला की कुणीतरी तर्जनी वर करून हवेत गोल फिरवायचं. मग दुसरा, मग मागचा बाक. आवाज नाही, शिवी नाही, धक्का नाही. बाई फळ्याकडून वळेपर्यंत सगळे हात खाली. आता यात त्याने तक्रार तरी काय करायची? 'बाई, ते बोट फिरवतात'? आणि तेही बोलून, अडखळत, सगळ्यांसमोर?

त्या रात्री मी मुलाला समोर बसवलं. त्याची तीन उत्तरं होती. सगळेच करतात. मस्करी होती. आणि तिसरं, "आई, तो पण हसायचा." या तिसऱ्या उत्तरावर मी बरेच दिवस अडकून होते, कारण ते खोटं नव्हतं. पुढे त्या मुलाच्या आईशी बोलले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हसला नसता तर काय केलं असतं हो त्याने?"

या प्रकाराला आपल्याकडे चटकन शब्द सापडत नाही, हे मला तेव्हा जाणवलं. चिडवणं, खोड्या, टिंगल, मस्ती, टवाळी, सगळे शब्द हलके, बाळलेण्यासारखे. 'छळ' हा जड शब्द आपण सासरसाठी राखून ठेवला आहे. त्यामुळे मुलगा घरी येऊन 'चिडवतात' म्हणाला की आपण 'लक्ष देऊ नको' म्हणून मोकळे होतो. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी आयुष्यभर शाळकरी मुलांमधल्या याच प्रकाराचा अभ्यास केला. मस्करी कुठे संपते ते ओळखायला त्यांनी तीन खुणा दिल्या : दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसणं. फोनमुळे यातली दुसरी खूण आणखी अवघड झाली आहे. माझ्या मुलाने एकेक स्टिकर एकदाच बनवला. तो किती वेळा पाठवला गेला, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आता शाळेबद्दल. शिक्षकांवर माझा सरसकट राग नाही. एका वर्गात बासष्ट मुलं, वर निवडणुकीची कामं, रोज कुठली तरी ऑनलाइन माहिती भरायची, हे मी पाहते. पण ज्या गोष्टींना वेळ लागत नाही, त्याही झाल्या नाहीत. त्या सांगते.

'बफरिंग' हे नाव मुलांनी शोधलेलं नाही. जूनच्या शेवटी मराठीच्या तासाला तो धडा वाचायला उभा राहिला, पहिल्याच ओळीत अडला, आणि शिक्षक म्हणाले, "बस खाली, आज नेट स्लो दिसतंय." वर्ग हसला. एवढंच. त्यांच्या मनात वाईट काही नसणार, मला खात्री आहे. पण त्या दिवसापासून वर्गाला परवानगी मिळाली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्याला जशी मनाई करतं, तशीच मानसिक त्रासालाही करतं. मला त्या शिक्षकांवर कारवाई नको आहे. त्यांनी वर्गासमोर एकदा 'माझं चुकलं' म्हणायला हवं होतं. मुलं शिक्षकांचं चुकलेलं लक्षात ठेवतात, तसं त्यांनी ते कबूल केलेलंही ठेवतात.

त्या मुलाच्या आईवडिलांनी जुलैमध्ये लेखी अर्ज दिला होता, हे मला सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडून कळलं. त्यांनी चार मुलांची नावं लिहिली होती, त्यात माझ्या मुलाचं होतं. दोन महिने आम्हा चौघांपैकी एकाही घरी शाळेतून फोन आला नाही. का नाही आला? मला जुलैमध्ये कळलं असतं तर ऑगस्टमधले अकरा स्टिकर बनलेच नसते. छळणाऱ्या मुलाच्या आईबापांपासून गोष्ट लपवून शाळा नेमकं कोणाचं रक्षण करत होती?

मी स्वतः स्क्रीनशॉट छापून मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, कागद उलटे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तुमच्या मुलाविरुद्ध रेकॉर्डवर काही नाही. तुम्ही कशाला ओढवून घेता?" आपल्या मुलाची तक्रार घेऊन आलेल्या आईला असं उत्तर मिळत असेल, तर दुसऱ्याच्या मुलाची तक्रार घेऊन आलेल्यांना काय मिळत असेल?

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांनी वर्गात उभं राहून मुलांना सांगितलं, ज्यांच्याकडे तो ग्रुप असेल त्यांनी आज घरी जाऊन डिलीट करा. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला. ग्रुप गेला, त्यासोबत कोणी काय लिहिलं त्याचा पुरावा गेला. आणि स्टिकर? ते ज्याने ज्याने साठवून ठेवले, त्याच्या त्याच्या फोनमध्ये राहिले. आठवड्याभरात दुसऱ्या नावाने ग्रुप सुरू झाला. या यंत्राचं काम कसं चालतं ते शाळेत एकालाही माहीत नसावं, याचं मला आश्चर्य वाटलं. आठवीतलं कुठलंही पोर सांगू शकलं असतं.

तक्रारपेटीबद्दल थोडं. २०१७ सालापासून शाळांमध्ये ती असायला हवी, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाल्यावर शासनाने पेटी, सीसीटीव्ही आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती या तिन्ही गोष्टी पुन्हा निक्षून सांगितल्या. आपल्याकडे पेटी आहे. ती मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर, शिक्षकांच्या खोलीच्या समोर, बरोबर कॅमेऱ्याखाली आहे. चिठ्ठी टाकणारा मुलगा सगळ्या शाळेला दिसतो. कुलपाची किल्ली कोणाकडे असते असं शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "तपासणीच्या वेळी सापडते." हे मी विनोद म्हणून सांगत नाही. समितीचा फलक रंगवलेला आहे, नावंही आहेत. या वर्षी समितीची बैठक कधी झाली ते मी विचारलं. इतिवृत्त दाखवतो म्हणाले, ते अजून दाखवताहेत.

आणि मग दिवाळीची सुट्टी संपली आणि तो मुलगा शाळेत आला नाही.

त्याच्या आईने मला दाखला दाखवला. 'वर्तणूक : चांगली'. 'शाळा सोडल्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून'. मी हिशेबाच्या खात्यात काम करते. खोटी नोंद मला लगेच दिसते. विनंती त्यांनी जुलैमध्येच केली होती, ती दाखल्याची नव्हती. शाळेतल्याच कोणीतरी त्यांना 'मुलाच्या हिताचं म्हणून' सुचवलं, की वातावरण बदललं तर बरं होईल. वातावरण त्याचंच का बदलायचं? आता तो रोज एसटीने दुसऱ्या गावच्या शाळेत जातो, आणि त्याला छळणारी चारही मुलं आपापल्या बाकावर आहेत. त्यांतला एक यंदाच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करत होता. एक माझा आहे.

उरलेल्या एकसष्ट मुलांनी यातून काय घेतलं असेल याचा विचार करा. अडचणीत आलेला मुलगा निघून जातो, बाकी सगळं होतं तसं चालतं, हेच ना?

आता हमीपत्रातल्या त्या 'आवाराबाहेर' या शब्दाकडे येते. आठवीचा गृहपाठ रोज संध्याकाळी सात वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. सहामाहीचं वेळापत्रक तिथेच आलं, फीची आठवण तिथेच, गॅदरिंगच्या कपड्यांचे फोटो तिथेच. हे हमीपत्र भरून देण्याची आठवणही तिथेच आली. म्हणजे अभ्यास पाठवताना मोबाइल शाळेचा, आणि त्रास झाला की मोबाइल घरचा. स्टिकरमधला फोटो शाळेच्या क्रीडादिनाचा आहे, अंगावर शाळेचा गणवेश आहे, मागे शाळेची भिंत आहे. फक्त त्याच्यावरचं हसू तेवढं आवाराबाहेरचं?

१९९९ पासून महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा आहे. मी तो कॉलेजच्या मुलांसाठीच असतो असं समजत होते. आमच्या पतसंस्थेच्या वकिलांनी मला तो वाचायला दिला. शिक्षण संस्थेच्या व्याख्येत महाविद्यालयाबरोबर शिक्षण देणारी इतर कोणतीही संस्था येते. रॅगिंगच्या व्याख्येत मनाला इजा होईल, लाज वाटेल असं वागणं आणि चिडवणंही येतं. आणि संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे मनाई आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. न केली, तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरलं जाऊ शकतं. या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला ती व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही, कोणती आई लिहील? माझं म्हणणं एवढंच, की ज्या जबाबदारीतून कायद्याने शाळेला मोकळं केलेलं नाही, त्यातून पालकांच्या सह्या गोळा करून मोकळं होता येणार नाही.

'आपल्या शाळेत असं काही होत नाही' हे वाक्य मी या काळात चार वेळा ऐकलं. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा जवळपास दर तीन विद्यार्थ्यांमागे एकाने सांगितलं, की मागच्या महिन्याभरात आपल्याला शाळेत असा त्रास झाला. आपलं तालुक्याचं गाव जगाबाहेर नाही. ज्या शाळेत एकही तक्रार नोंदलेली नाही, तिथे त्रास नसतो असं नाही. तिथे आवक क्रमांक नसतो.

रात्री मुलं झोपल्यावर मी जे मिळेल ते वाचत बसले. त्यातलं एक सांगते, कारण त्याने माझी समजूत बदलली. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी छळणारा आणि छळ सोसणारा यांना सोडून बाकीच्या वर्गाकडे पाहिलं. काही मुलं साथ देतात, काही हसून चेव आणतात, काही बाजूला राहतात, आणि थोडी मुलं त्याची बाजू घेतात. छळ टिकतो तो या हसणाऱ्यांवर. यावरून तिथे 'कीव्हा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो देशभरच्या शाळांत नेला गेला. त्यात सगळ्या वर्गासाठी धडे आहेत. शिवाय प्रत्येक शाळेत काही शिक्षकांचा एक गट असतो. तक्रार आली की ते आधी त्रास झालेल्या मुलाशी बोलतात, मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने बोलतात, आणि काही दिवसांनी परत बोलावून काय बदललं ते तपासतात. यात महागडं असं काही नाही. सगळ्यांना एकत्र उभं करून झापणं यात कुठेही नाही, हे विशेष.

मी माझ्या मुलाला विचारलं, बोट फिरवताना तू कोणाकडे बघायचास? त्याच्याकडे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मागच्या बाकाकडे.

घरी आम्ही काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती दुसऱ्याला शिकवणी होईल. पहिला आठवडा आम्ही चुकलोच. फोन काढून घेतला, त्याच्या बाबांनी दोन थपडा लगावल्या. फोन काढून घेतल्यावर तो मित्राच्या फोनवरून करू लागला, आणि आम्हाला दिसत होतं तेही दिसेनासं झालं. मग फोन परत दिला, पण हॉलमध्ये, सगळ्यांसमोर वापरायचा या बोलीवर. ग्रुपमध्ये कोणी परस्पर घेऊ नये अशी सेटिंग असते, ती मला चाळिसाव्या वर्षी माझ्या मुलाने शिकवली. खोट्या खात्याची तक्रार इन्स्टाग्रामला करता येते, स्वतः मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना. त्या मुलाच्या आईच्या शेजारी बसून ती आम्ही केली, आणि खातं गेलं. जाण्याआधी तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवले. पालकांनो, एवढं नक्की लक्षात ठेवा, आधी स्क्रीनशॉट आणि मग डिलीट. आपण घाबरून उलटं करतो.

मुलाला घेऊन मी त्यांच्या घरीही गेले. तो मुलगा खोलीतून बाहेर आला नाही. त्याच्या आईने चहा केला, माझ्या मुलाने तो घेतला नाही, कप तसाच साईवर आला. 'त्याला बोलावंसं वाटलं तर कळवते' असं त्या म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही, आणि आम्ही विचारलेलं नाही. माफी मागितली की समोरच्याने लगेच द्यायलाच हवी, असं काही नाही. हे माझ्या मुलाला कळायला वेळ लागला. मलाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. हे हमीपत्र मागे घ्यावं. ज्यांच्या सह्या झाल्या आहेत त्या रद्द समजाव्यात. त्याऐवजी शाळा अशा प्रसंगी काय करील, हे शाळेने पालकांना लिहून द्यावं, एक पान पुरे.

२. प्रत्येक लेखी तक्रारीला त्याच दिवशी आवक क्रमांक द्यावा. सात दिवसांत चौकशी करून दोन्ही बाजूंच्या पालकांना बोलवावं. दोन्ही बाजूंच्या. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी सर्वांत शेवटी कळणं बंद व्हावं.

३. समिती नेमावी, आणि ती फलकापुरती नसावी. सीबीएसईने मार्च २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितलं : उपमुख्याध्यापक, एक ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालकांचा प्रतिनिधी वगैरे. आपली शाळा राज्य मंडळाची आहे, ते परिपत्रक आपल्याला बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. चांगला कागद दुसऱ्या मंडळाचा असला तरी वाचता येतो. समितीच्या बैठकीची तारीख आणि मुलांची नावं वगळून इतिवृत्त सूचनाफलकावर लावावं.

४. समुपदेशक नेमावा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या निर्देशांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असं म्हटलं आहे. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. आपल्या शाळेत अकराशेवर मुलं आहेत. पूर्णवेळ परवडत नसेल तर जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक नेमावा आणि प्रत्येकीने दिवस वाटून घ्यावेत. पालक-शिक्षक संघाच्या शिल्लक रकमेतून सुरुवात करता येईल. शिल्लक किती आहे ते मला विचारू नका, मी ताळेबंद वाचते.

५. तक्रारपेटी कॅमेऱ्यापासून दूर, पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयात ठेवावी. दर शनिवारी ती दोन जणांसमोर उघडावी, त्यात एक पालक असावा.

६. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि सायबर गुन्ह्यांचा १९३० हे क्रमांक शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर छापावेत. सध्या तिथे संस्थापकांचा फोटो आहे. तो दुसऱ्या पानावर गेला तर त्यांची हरकत नसावी, मुलांसाठीच त्यांनी शाळा काढली होती.

७. वर्गाच्या ग्रुपसाठी नियम करावेत. मुलांचे फोटो शाळेने किंवा पालकांनी त्यावर उचलून टाकू नयेत. क्रीडादिनाचा तो फोटो मुलांना याच ग्रुपवर मिळाला होता.

८. छळामुळे कोणत्याही मुलाला शाळा सोडण्याचं सुचवू नये. आणि त्या मुलाच्या पालकांची इच्छा असेल तर, केवळ त्यांची इच्छा असेल तरच, त्याला याच वर्षी सन्मानाने परत घ्यावं. दाखल्यावरची नोंद दुरुस्त करावी किंवा निदान शाळेच्या दप्तरात खरं कारण लिहून ठेवावं.

९. माझ्या मुलाच्या आणि उरलेल्या तिघांच्या बाबतीत जी चौकशी जुलैमध्ये व्हायला हवी होती ती आता करावी. मुलाला सोबत घेऊन मी बोलवाल त्या वेळी येईन. त्याला वर्गासमोर उभं करू नये, एवढीच विनंती. त्याने केलं ते वर्गासमोर केलं हे खरं. पण ज्या वर्गाने हसून ते चालू ठेवलं, त्याच वर्गासमोर त्याला उभं केलं तर पुढची हसायची पाळी फक्त त्याच्यावर येईल.

पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांना वेगळं सांगते. तुमच्यातले दोघे मला फोन करून म्हणाले, हे सगळं बाहेर गेलं तर शाळेचं नाव खराब होईल, पुढच्या वर्षी प्रवेश कमी होतील, तुकडी तुटेल. अनुदानित शाळेत पटसंख्या कमी झाली की शिक्षकांची पदं जातात, हे मलाही कळतं. म्हणूनच मी नाव घेतलेलं नाही. पण एक मूल आधीच गेलं आहे. पट एकाने कमी झाला, त्याची तुम्ही बैठक घेतली का?

आणि ज्या पालकांना वाटतं आपलं मूल यात नव्हतं, त्यांनी आज घरी गेल्यावर एकदा आपल्या फोनमधले स्टिकर उघडून बघावेत. ते स्टिकर ज्या ग्रुपवर फिरत होते, त्यात एकतीस मुलं होती.

हे पत्र पाठवण्याआधी दोघांना वाचायला दिलं. त्या मुलाच्या आईने वाचून परवानगी दिली आणि दोन तपशील बदलायला लावले, म्हणजे तो ओळखला जाऊ नये. माझ्या मुलाने दोनदा वाचलं. त्याने एक वाक्य काढायला सांगितलं, ते मी काढलं. स्टिकर कोणी बनवले ते वाक्य ठेवायचं का असं मी त्याला विचारलं. ते त्याने राहू दे म्हणून सांगितलं.

सोबत : कोरं हमीपत्र. आधीच्या दोन पत्रांच्या छायाप्रती. स्क्रीनशॉटच्या सात प्रती, मुलाचा चेहरा झाकून.

प्रत माहितीसाठी : गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद.

हे पत्र सोमवारी सकाळी साडेदहाला मी स्वतः घेऊन येते आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा आहे. तो मिळेपर्यंत मी खिडकीजवळच्या बाकावर बसून राहीन. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.

आपली,
आठवी 'ब'मधल्या एका विद्यार्थ्याची आई